मावशीच्या विहिरीची चौथी फेरी

डेपोच्या मागच्या गल्लीत तिला सगळे बाटलीताई म्हणायचे. नवा भाडेकरू हे नाव ऐकून आधी दचकायचा. त्याच्या मनात भलभलत्या शंका यायच्या, आणि मग बायका हसत हसत खुलासा करायच्या, की अहो तसली बाटली नव्हे, ही पाण्याची. बाई विहिरींचं पाणी तपासायला नेते. खरं म्हणजे तपासायची ती नाही, तपासायची प्रयोगशाळा. हिचं काम विहिरीतून पाणी काढायचं, बोटाएवढ्या काचेच्या बाटल्यांत भरायचं आणि बर्फाच्या पेटीत घालून पाठवून द्यायचं. पण इतकी वर्षं इतक्या निमूटपणे एकच काम करणाऱ्या माणसाला लोक काहीतरी नाव ठेवणारच.

डेपो म्हणजे पेट्रोल-डिझेलच्या टाक्यांचा. लांबून नळातून तेल यायचं, टाक्यांत साठायचं आणि टँकरमधून गावोगाव जायचं. त्यातल्या एका टाकीच्या बुडाला भोक पडलं होतं, आणि ती किती काळ गळत होती हे पुढे कुणालाच धड सांगता आलं नाही. जमिनीवर कुठे थेंब दिसला नाही. तेल गुपचूप मातीत मुरत गेलं, खालच्या पाण्याला मिळालं आणि त्याच्याबरोबर चालत चालत गल्लीपर्यंत पोचलं. एका सकाळी मावशीने विहिरीतून बादली ओढली तर पाण्यावर रंगीत तवंग. तिने वाकून वास घेतला, बादली तिथेच टाकली आणि थेट डेपोच्या फाटकावर जाऊन रखवालदाराला धारेवर धरलं. तो बिचारा आदल्याच आठवड्यात कामाला लागला होता.

मग जे व्हायचं तेच झालं. डेपोवाल्यांनी आधी कानांवर हात ठेवले, मग हात झटकले आणि वरून हुकूम आल्यावर मुकाट्याने साफसफाईला लागले. साफसफाई हा शब्द मोठा फसवा आहे. ऐकणाऱ्याला वाटतं, झाडू मारला की झालं. इथे आधी डेपोच्या आवारातली माती खणली, ट्रकच्या ट्रक भरून नेली, खड्डे नव्या मातीने बुजवले, आणि लोकांना वाटलं, सुटलो. पण माती उचलून नेता येते, जमिनीखालचं पाणी कसं उचलून नेणार? मग जागोजागी बोअर पाडून पंप बसवले. पंप खालचं पाणी वर ओढायचे, एका पत्र्याच्या शेडमध्ये ते कोळशाने भरलेल्या उंच टाक्यांतून गाळलं जायचं आणि निवळलं की परत जमिनीत सोडलं जायचं. वर्षामागून वर्षं हेच. साहेब बदलले, रखवालदार बदलले, शेडचा पत्रा गंजला म्हणून नवा आला, घरघर तेवढी तीच राहिली. गल्लीतल्या विहिरींवर लोखंडी झाकणं बसली, झाकणांना कुलपं लागली आणि टँकरचं पाणी सुरू झालं. टँकर कधी येईल याला काही ताळतंत्र नव्हतं. त्या पाण्यापायी बायकांच्या नाकी नऊ आले.

कुलपांच्या किल्ल्या बाटलीताईकडे असायच्या. डेपोला गल्लीच्या ओळखीचं कुणीतरी हवं होतं आणि तिला काम हवं होतं. नवऱ्याचं मिक्सर-पंखे दुरुस्तीचं दुकान कधी चालायचं, कधी बसायचं. पाणी भरण्यात कसलं आलंय कौशल्य, असं तिलाही सुरुवातीला वाटलं होतं. पण विहिरीतलं साचलेलं पाणी आधी उपसून टाकायचं, आतून ताजं येऊ लागलं की मगच बाटली लावायची. बाटली काठोकाठ भरून पाणी तिच्या तोंडावर फुगून उभं राहिलं पाहिजे, मग झाकण. मग बाटली उलटी धरून टिचकी मारायची, आणि मोहरीएवढा जरी बुडबुडा वर आला तरी ते पाणी फेकून नवी बाटली घ्यायची. कारण ज्याचा शोध घ्यायचा ते पाण्यातून उडून त्या बुडबुड्यात जाऊन बसतं. टिचक्या मारून मारून तिच्या मधल्या बोटाला घट्टा पडला होता.

शिवाय दर तीन महिन्यांनी विहिरींवर फेरी असायची, त्या फेरीच्या दिवसाचे नियम. त्या दिवशी पावडर नाही, क्रीम नाही, अत्तर तर नाहीच. आणि सगळ्यांत मोठा नियम म्हणजे गाडीत पेट्रोल भरायचं नाही. पेट्रोल शोधायला निघालेल्याने पेट्रोलला शिवायचं नाही. जे भरायचं ते आदल्या दिवशी. एवढं करूनही लोकांचा भरवसा नसतो, म्हणून प्रयोगशाळा दर वेळी थोडं शुद्ध पाणी पाठवायची. तेही तिथेच विहिरीपाशी, त्याच हातांनी, एका वेगळ्या बाटलीत भरायचं. तिला कोरी बाटली म्हणत. कोऱ्या बाटलीत काही सापडलं तर दोष विहिरीचा नाही, भरणाऱ्याच्या हातांचा. बाटलीताईच्या कोऱ्या बाटलीत आजवर काही सापडलं नव्हतं. नवरा चारचौघांत सांगायचा, "आमची ही इतकी स्वच्छ आहे की वर्षातून चार वेळा तपासून घेतो." ती वरवर चिडायची, पण तिला ते आवडायचं.

आणि तरी खरं सांगायचं तर ती या कामाला विटली होती. उजवा खांदा उपशाने कायमचा धरला होता. विहिरी सुधारायच्या, परत बिघडायच्या, परत सुधारायच्या, आणि प्रत्येक दारात एकच प्रश्न, "कधी सुटणार गं झाकण?" आधी ती नीट उत्तर द्यायची. मग नुसतं हसायची. पुढे पुढे ती गल्लीतून मान खाली घालून चालायला लागली, जणू टाकीला भोक हिनेच पाडलं होतं.

त्यातल्या त्यात मावशीच्या दारात मान खाली घालून चालत नसे. ही मावशी म्हणजे तिच्या आईची धाकटी बहीण. आई गेल्यावर मावशीनेच तिला वाढवलं. लहानपणी गोल गरगरीत होती म्हणून ठमी म्हणायची, आणि आता ठमी पन्नाशीला टेकली, वाळून काटकी झाली, तरी मावशीचं "ठमे" काही सुटलं नव्हतं. मावशीची रोपवाटिका होती. विहिरीच्या पाण्यावर तिने फुलझाडं, शोभेची झाडं, कलमं वाढवली, विकली, त्यावर घर चालवलं आणि पोराला शिकवलं. विहिरीला झाकण लागलं आणि एकेक करून कुंड्या रिकाम्या झाल्या. टँकरच्या पाण्यावर माणसं जगतात, रोपवाटिका नाही जगत. रिकाम्या कुंड्या मावशीने भिंतीला ओळीने उपड्या घालून ठेवल्या होत्या. त्या हलवायची तिची तयारी नव्हती.

मावशीचा मुलगा, म्हणजे बाटलीताईचा दादा, लांब मोठ्या शहरात होता. तो वाईट नव्हता. दर महिन्याला यायचा, आईची औषधं आणायचा, गळका नळ बदलायचा आणि जाता जाता नेहमीचं तेच बोलायचा, की आई, आता पुरे, घर विकू आणि तू चल माझ्याकडे. मावशी ऐकायची नाही. शेवटी दोघांत एक ठरलं. डेपोचा नियम असा होता, की पंप बंद करून सलग चार फेऱ्या विहिरीचं पाणी चांगलं आलं तर झाकण निघणार. दादा म्हणाला, "चारही चांगल्या आल्या तर मी परत विषय काढणार नाही. तू इथेच राहा, तुझी झाडं लाव. पण एक जरी बिघडली तर मात्र सामान बांधायचं." मावशीने हातावर हात मारला. तिला भाचीचा भरवसा होता. जणू भाचीने नीट भरलं की पाणीही नीट येणार.

पंप बंद झाले. गल्लीला त्यांच्या घरघरीची इतकी सवय होती की पहिले काही दिवस लोकांना चुकल्याचुकल्यासारखं झालं. पहिली फेरी चांगली आली. दुसरी चांगली आली. तिसरी आली तेव्हा मावशीने दोन कुंड्या उलट्याच्या सुलट्या केल्या, धुतल्या आणि उन्हात ठेवल्या. बाटलीताईने ते पाहिलं. "मावशी, अजून एक राहिलीय," ती म्हणाली. मावशी म्हणाली, "मी कुठे काय म्हणतेय? कुंड्याच धुतेय ना?"

चौथ्या फेरीच्या सकाळी ती पेटी मागे बांधून निघाली, आणि चौकाच्या अलीकडेच स्कूटर आचके देऊन बंद पडली. आदल्या दिवशी तिने टाकी भरून ठेवली होती. संध्याकाळी नवरा कुणाचा तरी पंखा पोचवायला म्हणून गेला तो गावभर हिंडून आला होता. तिने फोन केला.

"अहो, पेट्रोल कुठे गेलं?"

"अगं, तो पंखा पोचवायला गेलो, तर त्याच्या मेव्हण्याचा मिक्सर..." तो सांगायला लागला आणि मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. "आज फेरी आहे होय?"

तिने फोन ठेवला. पुढे पेट्रोलपंप दिसत होता. ढकलत तिथवर गेली. भरणारा शेजारच्या पोराशी गप्पा मारत होता. नळी काढताना त्याने टाकीवर सांडलं, ते ओघळून पेटीच्या दोरीकडे यायला लागलं, आणि विचार करायच्या आत तिने ते हाताने पुसलं.

तिथेच तिने परतायला हवं होतं. साहेबांना फोन करून सांगायला हवं होतं, की आज माझे हात बाटले, दुसऱ्या कुणाला पाठवा. हे तिला कळत होतं. पण दुसरा कुणी म्हणजे शेडवरचा पंपवाला, तो त्या दिवशी रजेवर. म्हणजे फेरी पुढे ढकलणार, प्रयोगशाळेची तारीख परत मागावी लागणार, मावशी परत डोळे लावून बसणार. आणि ती थकली होती. एवढ्या वर्षांचं काम एका दिवसावर आलं होतं आणि तो दिवस एकदाचा संपावा असं तिला वाटत होतं. पेट्रोलपंपाच्या नळावर तिने साबणाने हात चोळचोळून धुतले, वास घेतला, परत धुतले आणि निघाली.

मावशी अंगण झाडून तयारच होती.

"आलीस ठमे? आज कुलूप मी काढणार."

"मावशी, हात नको लावूस. नियम आहे."

"मेले तुझे नियम. बघ तरी, पाणी कसं वर आलंय! झाकणाच्या फटीतून दिसतंय. लग्न होऊन आले तेव्हा एवढं होतं, त्यानंतर आज बघतेय."

खरंच यंदा पाणी चांगलं वर चढलं होतं. बाटलीताईने नवे हातमोजे चढवले, साचलेलं पाणी उपसलं, आधी कोरी बाटली भरली, मग विहिरीच्या बाटल्या भरल्या. प्रत्येक बाटली उलटी करून टिचकी मारली. एकातही बुडबुडा नव्हता. मावशी पायरीवर बसून तिच्याकडे बघत होती, लहान मुलीची परीक्षा बघत बसावं तशी. हातांबद्दल बाटलीताई काहीच बोलली नाही.

निकाल आला तेव्हा साहेबांनी तिला शेडमधल्या खोलीत बोलावलं. साहेब तरुण होते, पण या कामाने त्यांचेही केस अकाली पिकले होते. त्यांच्या आधीच्या दोघांनी हे लफडं त्यांच्या गळ्यात टाकून बदली करून घेतली होती.

"बसा ताई," ते म्हणाले. "मावशींच्या विहिरीत आलंय."

"काय आलंय?"

"आपण जे शोधतो तेच. थोडं नाही, बरंच आहे."

मावशी, दादा, धुतलेल्या कुंड्या, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. आणि पुढच्याच क्षणी तिला तो पेट्रोलपंप आठवला, आणि बुडत्याला काठ दिसावा तसं झालं.

"साहेब, ते विहिरीत नाही," ती म्हणाली. "ते माझ्या हातांवर होतं."

तिने सगळं सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं.

"हे त्याच दिवशी का नाही सांगितलंत?"

"वाटलं, हात धुतलेत."

"तुमच्याकडून हे अपेक्षित नव्हतं, ताई. मला हे वर कळवावं लागेल. फेऱ्यांचं काम तुमच्याकडे ठेवता येणार नाही."

"नका ठेवू. पण पाणी परत घ्या. दुसऱ्या कुणाच्या हातून."

"कोरी बाटली स्वच्छ आली आहे. तुमच्या हाताचं असतं तर त्यातही आलं असतं ना?"

"ती मी आधी भरली. मधे मोजे बदलले. तेव्हा लागलं असणार."

"तुम्ही मोजे बदलताना चुकणाऱ्यातल्या नाही."

"या वेळी चुकले!" ती जवळजवळ ओरडलीच. लोक आपली चूक नाही म्हणून भांडतात, ही बाई आपलीच चूक आहे म्हणून हट्टाला पेटली होती. साहेबांनी कपाळ चोळलं आणि म्हणाले, "ठीक आहे. घेऊ परत."

त्या संध्याकाळी ती मावशीकडे गेली आणि तिने ठासून सांगितलं, की विहीर चांगली आहे, चूक माझी आहे. मावशीने आधी कपाळावर हात मारला, मग तिला यथास्थित बोलून घेतलं, आणि मग चहा टाकला. चहा पिता पिता दादाला फोन लावून ती मोठ्याने सांगत होती, "अरे, ठमीनेच घोळ घातला! पाणी सोन्यासारखं आहे." दादाने फोन बाटलीताईला द्यायला सांगितला.

"अगं, तुला कळतंय का काय केलंस?" तो म्हणाला. "माझी आई एकेक दिवस मोजतेय आणि तू पेट्रोलचे हात घेऊन जातेस? इतकी वर्षं तुला पगार कशाचा देतात?"

"चुकलं, दादा."

गल्लीतही बातमी फिरलीच. ज्या बायका दारात थांबवून विचारायच्या त्या आता दारातून नुसत्या बघायच्या. एकीने तर तोंडावर विचारलं, की आमची विहीर दोनदा बिघडलेली आली, ती पण तुमच्याच हाताने का? तिने ऐकून घेतलं. नवरा दोन दिवस मान वर करून बोलला नाही, आणि मग म्हणाला, "माझ्यामुळे झालं गं." तिने त्यालाही काही म्हटलं नाही. तिला लाज वाटत होती यात शंका नाही. पण त्याहून जास्त बरं वाटत होतं. हातांची घाण धुता येते. साबण लागतो, पाणी लागतं, आणि संपतं.

पंपवाल्याने पाणी घेतलं तेव्हा तिला मावशीच्या फाटकाबाहेर उभं राहायला सांगितलं होतं. आत यायची मनाई. ती फाटकाचे गज धरून उभी राहिली. पंपवाला माणूस चांगला, पण हाताने धसमुसळा. त्याने बाटली भरली, झाकण लावलं आणि सरळ पेटीत ठेवायला निघाला.

"टिचकी मारा!" ती बाहेरून ओरडली. "उलटी करून टिचकी मारा आधी!"

त्याने मारली. बुडबुडा आला. ते पाणी फेकून त्याने नवी बाटली भरली, आणि मावशी अंगणातून म्हणाली, "बघा, शिका जरा हिच्याकडून." पंपवाला ओशाळून हसला. बाटलीताईला मात्र हसू आलं नाही.

दुसऱ्यांदा साहेबांनी तिला बोलावलं नाही, तेच शेडमध्ये तिच्याजवळ आले. फेऱ्या गेल्यापासून तिच्याकडे शेडची झाडपूस होती, ती कोळशाच्या टाकीपाशी फडका घेऊन काहीतरी पुसत होती. ते जवळच्या उपड्या पिंपावर बसले.

"तुमची चूक नव्हती, ताई."

ती पुसतच राहिली.

"आकडा आधीपेक्षा थोडा वरच आहे. यंदा पाणी वर चढलं ना, तिथेच घोडं पेंड खातंय. पाण्याच्या वरच्या मातीत इतकी वर्षं तेल चिकटून बसलं होतं, कोरड्यात. पाणी तिथवर पोचलं आणि ते सुटलं. आधीच्या तीन फेऱ्यांत पाणी खाली होतं म्हणून दिसलं नाही. पंप परत सुरू करावे लागतील. मग परत पहिल्यापासून चार फेऱ्या."

"किती वर्षं?"

"खोटं कशाला सांगू? मला नाही माहीत."

तिने फडका पिळला, वाळत घातला आणि टाकीला पाठ टेकून खाली बसली. जगात बहुतेकांना आपण निर्दोष आहोत हे ऐकून हायसं वाटतं. तिला हुंदका आला. तिने चूक मागून घेतली होती, अंगाला लावून घेतली होती, तिच्यापायी गल्लीचं बोलणं खाल्लं होतं, आणि आता ती चूकही तिची नव्हती. साहेब म्हणाले, की पेट्रोलचं न सांगितल्याबद्दल ताकीद दिलेली आहे ती मात्र राहणार, ते माझ्या हातात नाही. तिने मान हलवली. ते कुणाच्या हातात होतं कुणास ठाऊक, आणि आता त्याने काय फरक पडत होता?

दादा रविवारी येणार होता. रविवारी सकाळीच ती मावशीकडे गेली. मावशी वाटीत बिया भिजत घालत होती. भाचीचा चेहरा बघून तिने वाटी बाजूला ठेवली.

"आलं का?"

"आलं."

"वाईट?"

"आधीपेक्षा वाईट. माझ्या हाताचं नव्हतं, मावशी. विहिरीचंच आहे. पाणी वर आलं त्याने झालं."

मावशी खिडकीतून विहिरीकडे बघत बसली. मग तिने पदराने ओठ पुसले आणि अगदी हळू आवाजात, शेजारी कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाली, "दादाला सांगू नकोस."

"म्हणजे?"

"सांग, परत बाटली खराब झाली. परत तुझ्याच हाताने झाली म्हणून सांग. तुझं काय जातंय? गल्लीने बोलायचं ते बोलून घेतलंय. डेपोचा कागद येतो तो माझ्या नावावर येतो, त्याच्या नाही. काही महिने जातील. तोवर पाणी उतरेलही खाली."

"मावशी, तेल जातं का असं?"

"मला ठाऊक आहे जात नाही," मावशी म्हणाली. "मला शिकवू नकोस. मी फक्त इथे राहायचं म्हणतेय."

बाटलीताईला राग आला. इतकी वर्षं तिने एक थेंब इकडचा तिकडे केला नव्हता. आणि ज्या मावशीने तिला न्हाऊमाखू घालून मोठं केलं तीच आता हे मागत होती. पण तो राग फार वेळ टिकला नाही. टिकवायला अंगात ताकद लागते. समोर एक म्हातारी बाई बसली होती, बोटांना बियांचं पाणी लागलेली, आणि तिला तिच्या घरात राहायचं होतं. यापेक्षा मोठं काही ती मागत नव्हती. बाटलीताईच्या मनात आलं, नाहीतरी लोक म्हणतातच, अजून एकदा म्हणतील. कुणाचं काय बिघडतंय? झाकणाला कुलूप आहेच.

बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला. दादा चपला काढता काढताच विचारता झाला. तोही लांबून गाडी चालवून दमून आला होता, दमलेल्या माणसाच्या तोंडाला लगाम नसतो.

"काय गं, काय निघालं? का परत हात बरबटवून ठेवलेस?"

तिने मावशीकडे बघितलं नाही. "हो दादा," ती म्हणाली. "परत चुकलं माझं. बाटली..."

"कमाल आहे तुझी! एक साधं काम येत नाही? माझ्या आईने तुला वाढवलं, अन् तिच्याच विहिरीचं..."

"गप बस!" मावशी कडाडली. ती गुडघ्यावर हात देऊन उठली होती. "खोटं बोलतेय ती. विहीर नासलीय. दुसऱ्या माणसाने पाणी घेतलं, तरी तेच आलं. हिचा काडीचा दोष नाही, आणि माझ्यासमोर माझ्या पोरीवर तोंड टाकलंस तर याद राख."

दादा दारातच थबकला. एकदा आईकडे, एकदा बाटलीताईकडे बघत राहिला.

"जिंकलास ना? मग उभा काय राहिलास? जा, गाडीत सामानाला जागा कर."

तो खाली मान घालून परत चपला घालायला लागला. तो बाहेर गेल्यावर बाटलीताईने डोळे पुसले.

"मावशी, तूच म्हणालीस ना, सांग म्हणून?"

"म्हणाले. मला काय माहीत, तू खरंच सांगायला निघशील."

मावशीने कपाट उघडलं आणि चादरींची चळत खाली काढली. "रडत काय बसलीस ठमे? धर हे टोक." दोघींनी चादरी झटकल्या आणि समोरासमोर उभ्या राहून घड्या घालायला सुरुवात केली. बाहेर दादा गाडीतलं सामान इकडचं तिकडे करत होता. एक घडी झाली की मावशी ती पिशवीत न ठेवता परत कपाटात, जिथली तिथे ठेवत होती. पहिल्या दोन-तीन वेळा ठमीने ते बघूनही न बघितल्यासारखं केलं. मग काही न बोलता ती कपाटापाशी गेली आणि एकेक चादर काढून पिशवीत भरू लागली.